वांगणी गोडाऊन

पुष्करने कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि त्याची तार मनगटाला एक वेढा देऊन धरली.

"बघायचं ते बघा मॅडम. टाइप मी करणार."

राजसी उभीच होती. सर्व्हरच्या त्या अरुंद खोलीत खुर्ची एकच, आणि तीत तो बसला होता. दुसरी मागवावी असं त्याला वाटलं नव्हतं, आणि तिने मागितली नव्हती.

"मायामॅडमनी दुपारपर्यंत मला मशीन वापरायला दिलंय."

"दिलंय ना. मग वापरा. माझ्या हातांनी वापरा."

"तुमच्या हातांवर माझा विश्वास नाही."

"हे चांगलं आहे," तो म्हणाला. "लोकांच्या ऑफिसात यायचं, लोकांच्या मशीनसमोर उभं राहायचं, आणि वर विश्वास नाही म्हणायचं. एकदम उपासनीसरांची मुलगी."

बाहेर कुठेतरी पिंप उघडलं असावं. दाराच्या फटीतून व्हॅनिलाचा गोड, घशाला चिकटणारा वास आत आला. आनंदनगरच्या या कारखान्यात बिस्किटांना आणि आइस्क्रीमला लागणारे इसेन्स तयार होत. शरदचंद्र उपासनी इथे केमिस्ट म्हणून लागले, आणि पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा 'तुम्हाला इंग्रजी बरं येतं' एवढ्या भांडवलावर त्यांच्या गळ्यात ते काम पडलं. ते त्यांनी असं उचललं की निवृत्त होईपर्यंत कारखान्यातली एकही फाइल त्यांना विचारल्याशिवाय जागची हलत नसे. त्यांच्यानंतर ते काम पुष्करकडे आलं. घरी, राजसीला, ते आण्णा होते. पौषात गेले. आता फाल्गुन चालू होता.

गेल्या आठवड्यात कारखान्याच्या मालकिणीचा, मायामॅडमचा, फोन आला. वांगणीच्या युनिटमधल्या प्रयोगशाळेचे सगळे जुने निकाल पुसले गेले होते. प्रत्येक बॅचची चाचणी, तिचे आकडे, तिच्यावरची सही, काही शिल्लक नव्हतं. ज्या बिस्किट कंपनीला माल जायचा तिचे तपासनीस कारण विचारत होते, आणि कारण लेखी द्यायचं होतं. 'माजी अधिकारी श्री. श. ग. उपासनी यांनी लिहिलेली मूळ स्क्रिप्ट सदोष असल्याने' असं त्या पत्रात होतं. "तुम्हाला न सांगता पाठवणं बरोबर वाटलं नाही," मॅडम म्हणाल्या होत्या.

"मेलेला माणूस सोयीचा पडतो," राजसी म्हणाली होती. मग मॅडम म्हणाल्या होत्या, "तर मग येऊन दाखवा ना. तुम्हीपण तीच लाइन करता."

म्हणून ती रजा टाकून बदलापूरहून आली होती.

रविवारी तिने घरी करून पाहिलं होतं. आण्णांची स्क्रिप्ट साधी होती. एकेका फोल्डरचं नाव घ्यायचं, त्यातल्या महिन्याहून जुन्या फाइली पुसायच्या आणि पुढच्या फोल्डरकडे जायचं. गोडाऊनच्या रोजच्या आवक-जावकीच्या नोंदी मशीन तुंबवत, म्हणून ही रोजची झाडलोट. स्क्रिप्टला 'वांगणी गोडाऊन' साफ करायला सांगितलं होतं, आणि तिने साफ केलं होतं शेजारचं 'वांगणी', प्रयोगशाळेचं. दुसरं नाव पहिल्याच्या पोटात आहे हे दिसतच होतं. 'गोडाऊन' कुठे गळालं, हे दिसत नव्हतं. अशा लिहिलेल्या आज्ञा वाचून पाळणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात, आणि शेल अनेक असतात. राजसीने आपल्या लॅपटॉपवर नाव घेणारी ती ओळ बॅशमध्ये चालवली, कॉर्न शेलमध्ये चालवली, झी शेलमध्ये चालवली, शेवटी डॅशमध्येही चालवली. चौघांनी नाव पूर्ण घेतलं. चौघांनी आण्णांची साक्ष दिली, पण साक्ष देणारे घरचेच होते. कारखान्यातलं मशीन वेगळं होतं. गणपतीनंतर ते कॅम्प दोन भागातल्या बाजारातून वापरलेलं घेतलं होतं आणि आधीच्या मालकाने घातलेली जुनी सिस्टीम त्यावर तशीच होती. ते हाताखाली घेतल्याशिवाय काही कळणार नव्हतं.

"टाइप करा," ती म्हणाली. "तात्पुरत्या जागेत दोन रिकामी फोल्डर करा. एक वांगणी. एक वांगणी गोडाऊन, मधे जागा सोडून."

त्याने केलं. जागा सोडायला मुद्दाम विसरला.

"जागा."

"ओ, सॉरी हां."

"आता तीन ओळींचं फंक्शन, नाव घेऊन तेच परत छापणारं. मी सांगते."

ती सांगत गेली, तो एका बोटाने टाइप करत गेला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच कीबोर्ड पाहत होता. मधे त्याने फोन घेतला. कोणाला तरी 'नाय रे, एक भंकस चालूय इकडे' असं सांगितलं. राजसी भिंतीला टेकली नाही, की घड्याळाकडे तिने पाहिलं नाही.

"चालवा."

त्याने बटण दाबलं. नाव छापून आलं. 'वांगणी'. एवढंच.

पंखे घरघरत होते. पुष्कर पडद्याकडे पाहत राहिला, आणि तिच्या लक्षात आलं की त्याला आश्चर्य वाटलेलं नाही.

"आता तेच, पण बॅशने."

या वेळी दोन्ही शब्द आले. 'वांगणी गोडाऊन'.

"म्हणजे?" तो म्हणाला.

"म्हणजे ओळ तीच, शेल वेगळा. नुसतं नाव ठेवलं तर कुठलाच शेल ते मधल्या जागेवर तोडत नाही. पण हे नाव फंक्शनपुरतंच आहे असं सांगायला आधी 'लोकल' लिहिलं, की एकमत राहत नाही. बॅश म्हणतो, हे नाव ठेवणंच आहे, मी तोडणार नाही. तुमचा हा जुना डॅश म्हणतो, ही साधी आज्ञा आहे, मी तिचे शब्द सुटे करणार. पहिला शब्द नावात ठेवला, दुसऱ्या शब्दाचं एक नवंच रिकामं नाव केलं, आणि पुढे गेला. नवीन डॅश हे करत नाही. तुम्ही बाजारातून उचलून आणलेला करतो."

"आणि अवतरण चिन्हं घातली असती तर?"

"तर तुटलं नसतं."

"हां." तो खुर्चीत मागे रेलला. "मग घातली का नव्हती? कोणी लिहिली ही ओळ, माझ्या काकाने? कॉलेजच्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात. नाव दिसलं की अवतरणात घाल."

"जुन्या मशीनवर गरज नव्हती. तिथे शेल म्हटलं की बॅशच होता. वीस वर्षं चाललीय ती."

"म्हणजे सर बरोबर, अंगण वाकडं."

"अंगण तुम्ही बदललंत. नाचणाऱ्याला विचारलंत का?"

पुष्करने मनगटावरची तार सोडवून पुन्हा गुंडाळली.

"मूळ फोल्डर उघडा," राजसी म्हणाली. "स्क्रिप्ट जिथे आहे ते."

"त्याची काय गरज? झालं ना सिद्ध तुमचं?"

"मला चालू स्क्रिप्ट बघायचीय."

"स्क्रिप्ट दाखवतो. फोल्डर नाही." त्याने पूर्ण पत्ता टाइप करून तेवढी एक फाइल पडद्यावर आणली. ती वाकली. फोल्डरांची नावं वरच होती. 'आनंदनगर', 'कॅम्प२', 'वांगणी गोडाऊन'. ती पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली तेव्हा दार ढकलून मायामॅडम आल्या.

माया लालवाणींनी सासऱ्यांकडून कारखाना घेतला तेव्हा त्यांना मराठी येत नव्हतं. आता येत होतं, पण मालासारखं येत होतं, जे लागेल ते, जेव्हा लागेल तेव्हा. पायांत पळायचे बूट, हातात दोन फोन.

"क्या हुआ? लढाई झाली की अजून चालू?"

"झाली," राजसी म्हणाली आणि पडद्यावरची दोन उत्तरं दाखवून तिने सगळं पुन्हा सांगितलं. मॅडमनी पडद्याशी वाकून सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या,

"म्हणजे मी बोलले वांगणी गोडाऊन झाडून घे. ह्याने वांगणी ऐकलं, झाडलं, आणि गोडाऊन नावाची एक रिकामी बरणी बाजूला ठेवून दिली."

"हो."

"आणि जुन्या मशीनला पुरं ऐकू यायचं."

"पुरं."

"वडी साईं!" मॅडमनी फोनने कपाळ खाजवलं. "मग एक सांगा. आमचं कॅम्प दोनचं दुकान. त्याच्या नावात पण जागा होती, मला माहितीय, मीच ठेवलेलं नाव. ते कसं नाही तुटलं?"

राजसीने त्यांच्याकडे पाहिलं. सकाळपासून तिला कोणी एवढा नेमका प्रश्न विचारला नव्हता.

"तुटलं," ती म्हणाली. "पण गपचूप नाही. मी म्हटलं ना, दुसऱ्या शब्दाचं हा एक नवीन नाव करतो. 'गोडाऊन' असं नाव त्याला चालतं. 'दोन' हा आकडा नाव म्हणून चालत नाही. तिथे तो ओरडला असणार की हे नाव वाईट आहे, आणि तिथेच थांबला असणार. यादीत वांगणी नंतर येतं. म्हणजे आधी वांगणीला धक्काही लागला नव्हता. ही चूक स्वतःहून ओरडत होती, मॅडम. कुत्रं भुंकावं तशी." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "आणि कोणीतरी येऊन त्याच्या तोंडात कापड कोंबलं. कॅम्प आणि दोन जोडून टाकले, मधली जागा काढली. ओरडणं बंद. खालच्याच ओळीत तसंच दुसरं नाव आहे, तिकडे मान वळवून पाहिलं नाही. त्याच रात्रीपासून वांगणी पुसलं जायला लागलं."

पुष्कर पडद्याकडे पाहत होता.

"ह्याला सदोष स्क्रिप्ट म्हणत नाहीत," राजसी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण तिने आतापर्यंत धरून ठेवलेलं सगळं त्या आवाजात होतं. "ह्याला निष्काळजीपणा म्हणतात. पत्रात हाच शब्द घाला. आणि ज्याचा आहे त्याच्या नावाने घाला."

"कोणी केलं?" मॅडमनी पुष्करला विचारलं.

एक फोन वाजला. मॅडमनी नाव बघितलं, 'बिस्किटवाले' असं ओठांनीच म्हणाल्या, आणि दारात वळून पुष्करला सांगितलं, "मी येते तोपर्यंत मला नाव पाहिजे. समझा? नाव."

दार बंद झालं. पुष्करने मनगटावरची तार सोडली. कीबोर्ड तिच्याकडे सरकवला, उठला, आणि खुर्ची रिकामी करून कपाटाशी जाऊन उभा राहिला.

"घ्या. फोल्डर बघायचं होतं ना. बघा."

ती बसली. खुर्ची त्याच्या अंगाने गरम होती, तिला ते आवडलं नाही. तिने फोल्डरमधल्या सगळ्या फाइली तारखेसकट मागवल्या.

बऱ्याचशा जुन्या मशीनवरून आलेल्या होत्या. चालू स्क्रिप्ट एकच, आणि तिच्या जुन्या प्रती ओळीने, प्रत्येकीच्या नावाला महिन्याचं शेपूट. चैत्र, श्रावण, अधिक श्रावण, कार्तिक वद्य. आण्णांची ही रीत होती. फाइलीला हात लावायचा तर आधी तिची प्रत काढायची आणि तिला मराठी महिना लावायचा. इंग्रजी तारीख मशीन आपली आपण लिहितंच, माणसाने आपली खूण वेगळी ठेवावी, असं ते म्हणत. ऑफिसात याची टिंगल होई. दुसऱ्या कोणी कधी तसं केलं नाही.

शेवटची प्रत मार्गशीर्ष वद्यातली होती. मशीनने तिच्यापुढे लिहिलेलं साल नुकतंच सरलेलं.

गणपतीनंतर घेतलेलं मशीन. आण्णांना निवृत्त होऊन तेव्हा चार दिवाळ्या झाल्या होत्या. त्यानंतर या खोलीत ते कधी आलेच नव्हते.

राजसीने दोन्ही फाइली शेजारी ठेवून फरक काढला. फरक एका ओळीचा होता. प्रतीत 'कॅम्प २'. चालू फाइलीत 'कॅम्प२'.

तिने फाइल बंद केली नाही. हात मांडीवर ठेवले.

मार्गशीर्षात आण्णा इस्पितळातून घरी आले होते, कारण आता इस्पितळात ठेवून उपयोग नव्हता. दंडावर दुखणं मारणारी पट्टी लावलेली असायची, आणि ती ताजी असली की बोलता बोलता त्यांचं वाक्य मधेच संपायचं. दिवसभर तिचा जुना लॅपटॉप त्यांच्या पांघरुणावर असे. ते पत्ते लावतात, असं तिला वाटे. ती कामावरून आली की ते झाकण मिटत. त्या दिवसांतल्या एका संध्याकाळी त्यांनी स्वतःहून ताट मागितलं होतं, आमटी पुन्हा वाढ म्हणाले होते, आणि तिने स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरला होता, कारण तिला वाटलं, माणूस सावरतोय.

"पासवर्ड कोणी दिला?" ती म्हणाली.

"मी."

"ते आजारी होते."

"मला माहीत होतं."

"तुम्ही आजारी माणसाकडून काम करून घेतलंत."

"करून घेतलं?" पुष्कर हसला नाही. "रोज फोन. सकाळी एक, जेवणानंतर एक. मशीन बदलतोस, मला सांगितलं नाहीस. कुठलं घेतलंस, काय भावात फसलास, माझी स्क्रिप्ट नीट उतरवलीस का, तू अर्धवट आहेस, तुला जमणार नाही. मी आठवडाभर ऐकलं. मग मार्गशीर्षात काम नव्या मशीनवर टाकलं, पहिल्याच रात्री ती स्क्रिप्ट खरंच अडकली आणि मी मूर्खासारखं त्यांना सांगितलं. झालं. मला आत घे म्हणाले. मी म्हटलं नाही होत, नियम आहे. तर रडायला लागले."

"खोटं."

"नका ठेवू विश्वास."

आण्णांना रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही.

"दिला पासवर्ड," तो म्हणाला. "म्हटलं, करू दे म्हाताऱ्याला. दहा मिनिटांनी फोन आला. आवाज असा, जणू लग्न ठरवून आलेत. म्हणाले, बघ, एका ओळीचं काम होतं, आणि तू गाव गोळा केलंस."

"आणि तुम्ही तपासलं नाहीत."

"त्यांचं काम? मी?" आता तो तिच्याकडे वळला. "तेरा वर्षं त्यांनी माझं तपासलं. सगळ्यांसमोर, लाल शाईने, प्रिंट काढून. त्यांचं काम तपासायची सवय लावली असती ना मला, तर आज आपण दोघं इथे नसतो."

"अंत्ययात्रेलाही आला नाहीत."

"नाही आलो. आवडत नव्हते मला ते." तो हे अगदी सरळ म्हणाला. "तुम्ही तरी ऐकून घ्या. सगळे तुम्हाला सांगतील देवमाणूस होते."

राजसीने पडद्याकडेच पाहिलं.

"मग पत्रात का नाही लिहिलंत? बदल त्यांनी केला म्हणून?"

"बाहेरच्या माणसाला पासवर्ड दिला हे कळलं की मॅडम मला गेटबाहेर उभं करतील, आणि दुसऱ्या कंपनीलाही फोन करून सांगतील. मूळ स्क्रिप्ट खराब म्हटलं की भानगड मिटत होती. कोणाचं काही जात नव्हतं."

"त्यांचं जात होतं."

"त्यांचं?" त्याने खांदे उडवले. "ते गेलेत, मॅडम. थोडक्यात निभावत होतं. तुम्हीच आलात कुदळ घेऊन."

बाहेर मॅडमचा आवाज ऐकू आला, 'हां जी, हां जी, आज ही भेजती हूँ'. पुष्करने राजसीकडे पाहिलं, मग तिच्यासमोरच्या पडद्याकडे, जिथे 'मार्गशीर्ष' अजून उघडं होतं. त्याने काही मागितलं नाही. राजसीनेच फाइल मिटली.

मायामॅडम आल्या त्या लॅपटॉप उघडा धरूनच. कपाटावरचा पुठ्ठ्याचा खोका सरकवून त्यांनी तो तिथे ठेवला.

"चल. नाव."

खोलीत दोघांनाही नाव माहीत होतं. राजसीला जाणवलं की आपण श्वास रोखलाय, आणि तो पुष्कर काय बोलेल यासाठी नाही, आपण काय बोलू यासाठी.

"मी," पुष्कर म्हणाला. "मशीन मी लावलं. स्क्रिप्ट अडकली, तर तो बदल मीच केला. घाईत केला."

"तू." मॅडमनी त्याला नखशिखांत पाहिलं. "आणि महिनाभर मला बोलतोस उपासनीसरांची चूक, उपासनीसरांची चूक. शरम नाही? माणूस जाऊन वर्ष नाही झालं."

"चुकलं."

"चुकलं म्हणतो! वांगणीच्या बायका रोज मला विचारतात, मॅडम, युनिट बंद होणार का. त्यांना काय सांगू, चुकलं?" पुढचं त्या सिंधीत बोलल्या. ते भाषांतराशिवाय कळत होतं. पुष्कर मान खाली घालून ऐकत राहिला. त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती. ते बोलून घेणं त्याला पासवर्डच्या गोष्टीपेक्षा स्वस्त पडणार होतं, हे राजसीला समजत होतं. त्याने हे आण्णांसाठी केलं, असं म्हणायला काही आधार नव्हता. फक्त स्वतःसाठी केलं, असंही तिला छातीठोक म्हणता आलं नसतं. त्याचा चेहरा काही सांगत नव्हता, आणि तिला तो चेहरा सकाळइतकाच नकोसा वाटत होता.

मॅडम टाइप करू लागल्या. दोन बोटांनी, पण वेगात.

"ऐका. 'मूळ स्क्रिप्टमध्ये दोष आढळला नाही. ती वीस वर्षे सुरळीत चालत होती. नवीन मशीनवर आल्यावर, आमचे कर्मचारी पुष्कर गायकर यांच्या निष्काळजीपणामुळे एक चुकीचा बदल झाला.' मग ते शेलबिल तुम्ही सांगितलं ते टाकते. आणि खाली, 'तपासणी, राजसी शरदचंद्र उपासनी'. बाहेरच्या माणसाने तपासलं म्हटलं की त्यांना पण बरं वाटतं. ठीक आहे ना? तुम्ही स्वतः बघितलंय मशीनवर."

"बघितलंय."

"मग? वाचून घ्या. तुमच्या वडिलांचं नाव कुठेच नाही. हेच पाहिजे होतं ना तुम्हाला?"

राजसी उठून लॅपटॉपपाशी गेली. मराठी नीट होतं, एक वेलांटी सोडली तर. वडिलांचं नाव खरंच कुठे नव्हतं, तिच्या स्वतःच्या नावाच्या मधे होतं तेवढं. तिने वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं, आणि दोन्ही वेळा तिची नजर एकाच शब्दावर अडकली.

"एक शब्द काढा," ती म्हणाली.

"कुठला?"

"निष्काळजीपणा."

मॅडमनी भुवया वर केल्या. "अरे! तुम्हीच बोललात. ठासून बोललात, हाच शब्द घाला."

"बोलले. पण तसं नाहीये ते." तिने त्या शब्दाखाली बोट धरलं. "ज्याने केलं त्याने हलगर्जीपणा केला नाही. समोर जे अडलं होतं ते त्याने नीट सोडवलं. बाकीचं त्याला दिसलं नाही, एवढंच. दिसत नव्हतं त्याला."

मागे कपाटापाशी पुष्कर हलकेच हसला. ते हसणं चांगलं नव्हतं.

"एकदम ह्याची दया?" मॅडम म्हणाल्या.

"दया नाही."

मॅडम दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. त्या सासऱ्यांच्या पेढीवर बसून माणसं ओळखायला शिकल्या होत्या, आणि इथे आपल्याला न सांगितलेलं काही आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग फोन पुन्हा वाजला, त्यांनी तो न बघता बंद केला.

"ठीक. तपासणारे तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि शब्द खोडला. "आता बाकी सगळं बरोबर?"

राजसीने उरलेलं वाक्य वाचलं. पुष्करचं नाव होतं तिथेच होतं.

"बरोबर," ती म्हणाली, आणि पत्र जाईपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.